तूर बडवायची मूठ

"हाड तुटलंय," डॉक्टर म्हणाले. "आणि आजचं नाही. तुम्ही तुटलेल्या हाडानं गोल्फ खेळत होतात."

मी हसले. राग आला की मला आधी हसूच येतं. स्पर्धा तोंडावर आलेली, आणि हा माणूस शांतपणे पडद्यावर बोट ठेवून बसलेला!

तळहातात करंगळीच्या बाजूला हॅमेट नावाचं छोटं हाड असतं. त्याला आकड्यासारखं टोक असतं, माझ्या डाव्या हातातलं तेच मोडलं होतं. याला 'हूक ऑफ हॅमेट फ्रॅक्चर' म्हणतात. साध्या एक्स-रेत ते दिसलं नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये, म्हणजे हाडाची कापाकापानं चित्रं दाखवणाऱ्या तपासणीत, दिसलं.

अमडापुरात, आमच्या गावी, निदान कधीच झालं होतं, "नस चढली." मग चोळणं, शेकणं, हळद-चुना. मी बोंबलले की चोळणारे काका आणखी खूश, "पाह्य, उतरून राह्यली!" कप्पाळ उतरतेय! तुमचा तळहात असा दुखत असेल तर बाबांनो, चोळू नका, आधी दाखवा.

वडील नागपूरला गोल्फच्या मैदानावर माळी होते, तिथंच मी पहिल्यांदा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात घेतला. पुढं आमच्या भागातली पहिली व्यावसायिक महिला गोल्फपटू म्हणून सत्कार झाले. शाल घालता घालता एकानं हळूच विचारलं, "ताई, हे हॉकीसारखंच असते काय?"

माझा चेंडू मात्र लांब जायचा, कारण मूठ मायची होती. सुट्टीत गावी आले की ती मला तूर बडवायला लावायची. काठी अगदी टोकाला धरायची, बुड तळहातात रुतवायचं, म्हणजे फटका दणकून बसतो. क्लबही मी तसाच धरला. प्रशिक्षक ओरडले, मग चेंडू कुठं पडला ते पाहून गप्प झाले. तेच बुड वर्षानुवर्षं त्या हाडावर आपटत आलं होतं.

शस्त्रक्रियेचं नाव 'एक्सिजन', म्हणजे तुटलेला तुकडा काढून टाकणं. मी एकच विचारलं, "खेळेन ना?"

"खेळाल. पण क्लब असा धरून नाही."

मग उरलं काय माझ्याकडे? शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर मी अंगणात नुसत्या येरझारा घातल्या. भेटायला येणारे बिस्किटाचे पुडे घेऊन येत, त्यांच्यावर खेकसले. वेणीसुद्धा मायनं घालायची, त्याचीही चीड. माय म्हणे, "बस ना वं घडीभर! पायाले भिंगरी लागली काय?"

टाके काढायला ती सोबत आली. ही मूठ शिकलात कुठं, असं डॉक्टरांनी विचारलं. मायनं मोठ्या कौतुकानं त्यांच्या टेबलावरची मोजपट्टी धरून दाखवली. त्यांनी तिचा तळहात घेतला आणि माझ्याच जागी अंगठा दाबला. माय कळवळली.

स्कॅनमध्ये तिचंही टोक मोडलेलं निघालं, माझ्यापेक्षा कितीतरी जुनं.

"मले काऊन नाही सांगितलं?" मी भर दवाखान्यात ओरडले.

"सांगून काय? तूर कोन बडवन? हात तं चालते ना."

मला रडूच फुटलं. माझ्या हातासाठी मी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं.

तिचंही ऑपरेशन झालं. आता अंगणात ती येरझारा घालायची आणि मी म्हणायचे, "बस ना वं घडीभर!" तिची वेणी मी घातली, वाकडीतिकडी, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली.

मी मूठ दोन बोटं खाली घेतली. पहिल्या स्पर्धेत मागं पडले, चिडचिड झाली, घरी फोन केला.

"चेंडू लांब गेला काय?" मायनं विचारलं.

"पहिल्यावानी नाही."

"दुखलं काय?"

"नाही."

"मंग खेळ ना वं."