बंद गल्लीत आलेल्या सिस्टर

"बस. पाच मिनिटं बोलू नको."

उपकेंद्राच्या दारात पाऊल ठेवलं की सिस्टर आधी हाताचा पंजा आडवा धरायच्या आणि हेच म्हणायच्या. मग भिंतीलगतच्या बाकाकडे बोट. तुम्ही चक्कर येते म्हणून या, नाहीतर सासूचं गाऱ्हाणं घेऊन या, पाच मिनिटं गप्प बसायचंच. मनगटावरचं घड्याळ त्या आतल्या बाजूला बांधत. त्याकडे बघत उभ्या राहत आणि वेळ भरली की मगच प्रेशरचा पट्टा दंडाला गुंडाळत.

"चालून आल्या आल्या मोजलं तं ते रस्त्याचं प्रेशर येते, बाईचं नाही," हे त्यांचं शास्त्र.

अशा एखाद्या सिस्टर तुम्हीही पाहिल्या असतील. पन्नाशी ओलांडलेल्या, गावातल्या निम्म्या पोरांची जन्माची वजनं तोंडपाठ असलेल्या, पण नावं विसरणाऱ्या. मिसरूड फुटलेल्या पोराला भर चौकात थांबवून "अरे, तू दोन किलो सातशे नं?" असं विचारणाऱ्या. आमच्या सिस्टर त्यातल्याच. आमच्याकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दलही "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या.

मी त्यांच्याकडे गेले ती नाइलाजाने. कुडव्याला एका शाळेत शिकवत होते. तिसरा महिना सरत आला होता. मार्चमध्ये चार दिवसांसाठी म्हणून गोरेगावजवळच्या सासरच्या गावी आले आणि सगळं बंद झालं. नवरा तिरोड्याला विजेच्या कारखान्यात. तिथल्या लोकांना आतच राहायला सांगितलं होतं. आई कुडव्याला. दुचाकीवर पाऊण तासाचा रस्ता, पण मधे नाके लागलेले. गोंदियाच्या ज्या डॉक्टरबाईंकडे नाव घातलं होतं, त्यांनी फोनवर सांगितलं, "गरज असेल तरच या." आता गरज म्हणजे नेमकं काय, हे पहिलटकरणीला कसं कळणार?

सासरची माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्यासाठी रोज दूध वेगळं काढून ठेवायचे. पण भीती अशी बसली होती की मी फाटकापर्यंत गेले तरी ते ओट्यावरून उठून उभे राहत. मागची खोली, तिची एक खिडकी आणि अंगण, एवढं माझं जग. अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकतीस पावलं होती. पोट वाढलं तशी ती चौतीस झाली.

त्यामुळे महिन्यातून एकदा उपकेंद्रात जाणं ही माझी सहल होती.

सिस्टरांनी बाहेर चुन्याचे गोल आखले होते. गर्भार बायका त्या गोलांत उभ्या. एकदा एक सासू सुनेला बिलगून तिच्याच गोलात उभी राहिली. सिस्टर आतून ओरडल्या, "अवं, एका गोलात एकच बाई! पोटातल्याले सूट हाये, तुले नाही."

पहिल्या खेपेला त्यांनी मला मॅडम म्हटलं. दुसऱ्या खेपेपासून पोरी.

"लोहाच्या गोळ्या खाऊन राहिली नं, पोरी?"

"हो, रोज," मी म्हणाले. गोळ्यांनी मला मळमळायचं, म्हणून मी त्या खिडकीतून कण्हेरीखाली टाकत होते.

"संडास काळी होते का?"

बाहेर गोलांत सहा बायका उभ्या. मी लाजून म्हणाले, "नाही हो, तसं काही नाही."

"मंग नाही खाऊन राहिली," त्या म्हणाल्या आणि कार्डावर तसंच लिहून टाकलं. त्या दिवसापासून कण्हेरीचं खत बंद झालं.

अंतर पाळा, हात लावू नका, असे कागद वरून रोज येत. सिस्टर ते भिंतीला डकवत आणि पोटावर नळी टेकवून, त्या नळीला कान लावून ठोके ऐकत. मी म्हटलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"सहा फुटांवरून ठोके आयकू येत नाहीत," त्या म्हणाल्या. "येत असते तं दुरूनच आयकले असते."

त्यांची एकच लेक होती. नवरा कधीचाच वारलेला. लेक नदीपलीकडे, बालाघाटकडच्या एका गावी दिलेली, आणि तीही गर्भार, माझ्याच पुढेमागे. दुपारी एकच्या सुमारास सिस्टर हातमोजे काढून तिला फोन लावायच्या. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या मी ते बोलणं ऐकायची.

"पायावर सूज हाये का गे? दाबून सांग. खड्डा पडते? किती वेळ राहते?"

नदी ही राज्याची हद्द, म्हणून पूल बंद होता. इकडची बाई तिकडे नाही, तिकडची इकडे नाही. लेकीच्या गावात तपासायला कोणी येत नव्हतं. तेव्हा सिस्टरांनी एक दिवस स्वतःचं घरचं प्रेशरचं मशीन टॉवेलात गुंडाळलं, स्कूटीवरून पुलापर्यंत गेल्या आणि तिथल्या पोलिसाच्या हातात दिलं. पलीकडून जावई आला आणि घेऊन गेला. पुलाच्या दुसऱ्या टोकाला लेक उभी होती. "हात हालवला तिनं," सिस्टर मला म्हणाल्या. "पोट खाली आल्यासारखं दिसलं. एवढ्या दुरून काय कळते, पोरी?"

त्यानंतर जावई रोज फोनवर आकडे वाचून दाखवायचा आणि सिस्टर ते आमच्या कार्डांखाली ठेवलेल्या रद्दी कागदावर लिहून घ्यायच्या.

पोळा झाला आणि आमच्या घरात ताप आला. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तपासणीत पॉझिटिव्ह निघाल्या. त्यांना गाडी घेऊन गेली. जाताना त्या मागे वळून फक्त एवढंच म्हणाल्या, "दुधावर झाकन ठेवजो." मामाजींची आणि माझी तपासणी झाली, ती बरी निघाली, पण गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले गेले. चौदा दिवस कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. जी बाई रोज भाजी द्यायची, ती बांबूवरून पिशवी टाकून पळायची. माझी चौतीस पावलं होती, तीही गेली. मामाजी म्हणाले, "खोलीतच राह्य." आठवा महिना संपत आला होता. मी खाटेवर पडून छताची कवेलू मोजायची आणि मोजता मोजता ती दोन-दोन दिसायची. डोकं ठणकत होतं. पायांत चपला जात नव्हत्या. मी कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी फाटक वाजलं.

ऊन तापलेलं, पावसाचा पत्ता नाही, आणि फाटकात सिस्टर उभ्या. निळा रेनकोट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा. सरकारी पोशाख संपला होता म्हणून स्कूटीच्या डिक्कीतला रेनकोट घालून आल्या होत्या. हनुवटीखालून घामाची धार लागलेली.

"सिस्टर, आत नका येऊ," मामाजी ओट्यावरून म्हणाले. "घरात कोरोना हाये."

"असू द्या भाऊजी. त्याले मी रोजच भेटतो."

मला अंगणातल्या खाटेवर बसवलं. पाच मिनिटं. मग पट्टा. आकडा बघितला. दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा मोजलं. अंगठ्याने माझी नडगी दाबली. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"डोकं दुखते?"

"परवापासून."

"डोळ्यापुढं काजवे?"

"येतात."

"मले फोन काऊन नाही केला?"

मी म्हणाले, "बाहेर जाऊच देणार नाहीत, मग सांगून काय करू?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग काचेच्या नळीत लघवी घेऊन ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आतलं पाणी नासलेल्या दुधासारखं पांढरं झालं. ती नळी घेऊन त्या ओट्यापाशी गेल्या.

"भाऊजी, प्रेशर लय चढलं, लघवी बी खराब हाये. इले आत्ताच गोंदियाले न्याव लागते."

मामाजींनी नळीकडे पाहिलंही नाही. "तिथं सारे त्याच बिमारीचे पडले हायेत. हिची सासू अगोदरच तिकडं गेली. आजच्या दिवस राहू द्या. पोराले फोन करतो. उद्या सकाळी पाहू."

"उद्या सकाळी नाही!"

सिस्टरांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गावाला रागवायचा त्यांचा आवाज वेगळा होता. हा फाटला होता.

"उद्या सकाळी नाही, भाऊजी. आत्ता. तुमी सही नका देऊ, मी देतो. पन ही पोरगी आज या घरात झोपनार नाही."

मामाजींना गावात कोणी उलट बोलत नसे. ते ओट्यावर बसले. मग हळू म्हणाले, "मी भेतो, सिस्टर."

"मी बी भेतो," सिस्टर म्हणाल्या. "पिशवी भरा तिची."

सिस्टरांनी मला एक इंजेक्शन दिलं, फोनवरून गाडी मागवली, तोवर पिशवी मामाजींनीच भरली. त्यात माझी साडी घालण्याऐवजी आत्याबाईंची घातली, हे मला दवाखान्यात कळलं.

गल्लीच्या तोंडाशी नवा पोलीस होता. "ये गली सील है. ऑर्डर के बिना कोई बाहर नहीं जाएगा."

"साहब, गाडी आ गई है," सिस्टर म्हणाल्या. "ऑर्डर मंगाते बैठो, तब तक मैं रस्सी खोलती हूँ."

तो फोन लावत होता आणि त्या गाठ सोडत होत्या. हातमोज्यांत बोटं घसरत होती. गाठ सुटेना. शेवटी त्यानेच फोन खिशात टाकला आणि दातांनी दोरी ओढून बांबू खाली घेतला.

गाडीत चढताना सिस्टरांनी माझा हात ओढला आणि बॉलपेनने दंडापासून मनगटापर्यंत लिहिलं. वेळ, दोन्ही हातांचं प्रेशर, कोणतं इंजेक्शन दिलं ते.

"चिठ्ठी दिली आहे ना," मी म्हणाले.

"चिठ्ठी हरवते. हात नाही हरवत."

त्या सोबत येऊ शकत नव्हत्या. अजून चार घरं बाकी होती. गाडी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. त्या पुढच्या घराकडे निघाल्या होत्या, रेनकोट पाठीला चिकटलेला.

गोंदियाला डॉक्टरांनी आधी माझा हात वाचला, चिठ्ठी नंतर उघडली. त्याच संध्याकाळी सिझर झालं. मुलगी. दोन किलो शंभर. आठवड्याभरात आत्याबाईही बऱ्या होऊन घरी आल्या.

बाळ झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी सिस्टरांना फोन केला.

"मुलगी झाली, सिस्टर."

"लगेच रडली का?"

"हो, लगेच."

मला वाटलं फोन कटला. "हॅलो? सिस्टर?"

"आयकून राहिलो. तिचा आवाज आयकव मले."

मी बाळाकडे पाहिलं. "झोपली आहे हो."

"मंग नको उठवू," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तिथून कुडव्याला आईकडे गेले. बारशाला सिस्टरांना बोलावलं. "येतो" म्हणाल्या आणि आल्या नाहीत. आम्ही बराच वेळ वाट बघून पाळणा हलवला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? आई म्हणाली, "त्यांना तुझ्यासारख्या शंभर." तेही लागलं.

तीन महिन्यांनी सासरी परतले, तेव्हा गावच्या आशाताई बाळाची नोंद घ्यायला आल्या. मी सहज म्हटलं, सिस्टर बारशाला आल्या नाहीत. आशाताईंनी वही मिटली.

"तुमाले कोनी सांगितलं नाही?"

सिस्टरांच्या लेकीचं बाळ गेलं होतं. आठव्या महिन्यात, पोटातच. एका संध्याकाळी मशीनवर आकडा मोठा आला. जावयाने तो फोनवर वाचून दाखवला, सिस्टरांनी ओरडून सांगितलं, आत्ता न्या. घरातली वडील माणसं म्हणाली, एवढ्या संध्याकाळी कुठे नाके ओलांडत जाता, उद्या सकाळी पाहू. लेक वाचली.

"फोन आला तेव्हा बाहेर सहा बाया उभ्या होत्या," आशाताई म्हणाल्या. "साही तपासल्या. मंग मागच्या खोलीत गेल्या आनि दार लावलं. सुट्टी मागितली, पन त्यांच्या जागी कोनी मानूस नव्हता. आनि पूल तं बंदच."

मी विचारलं, हे कधीचं?

आशाताईंनी बोटांवर मोजलं. आमच्या गल्लीत त्या रेनकोट घालून आल्या, त्याच्या अकरा दिवस आधीचं.

मी बाळाला शालीत गुंडाळलं आणि तशीच निघाले. मामाजी ओट्यावर होते, पण या वेळी उठून उभे राहिले नाहीत. मी कुठे निघाले ते त्यांना कळलं असावं.

उपकेंद्रात नवीन सिस्टर होत्या, तरुण, गोंदियाहून स्कूटीने ये-जा करणाऱ्या. त्यांनी सांगितलं, पूल मोकळा झाला त्याच आठवड्यात जुन्या सिस्टरांनी किल्ल्या आणि सरकारी फोन जमा केला. लेकीकडे गेल्या. नोकरीची दोन वर्षं बाकी होती, तीही सोडली. गावाचं नाव नवीन सिस्टरांना ठाऊक नव्हतं. आशाताईंनाही नव्हतं. आम्ही कोणी त्यांना ते कधी विचारलंच नव्हतं.

मागे त्यांची राहण्याची खोली होती. मी तिकडे गेले. दारावर एक कागद चिकटवलेला, उन्हाने पिवळा पडलेला, चारातले दोन कोपरे सुटलेले. सिस्टरांच्या मोठ्या, जाड अक्षरांत लिहिलं होतं, "तपासणी बंद नाही. आवाज द्या."

कडीला कुलूप होतं. ते दिसत असूनही मी एकदा हाक मारली, "सिस्टर!"