निमोण्याची बस आणि आप्पांची जीभ

आप्पा माणसाला त्याच्या नावाने कधी हाक मारायचे नाहीत. तुम्ही काय वाया घालवलंत ते त्यांनी एकदा पाहिलं, की तेच तुमचं नाव. पर्चेसचा इंजिनिअर म्हणजे 'चालू पंखा'. अकाउंट्सच्या मॅडम म्हणजे 'कागदी कप'. मी कंपनीत लागले त्याच आठवड्यात कॅन्टीनच्या ताटात भात टाकला आणि कायमची 'अर्धा भात' झाले. पुढे ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं तरी नाव काही बदललं नाही. "अर्ध्या भाता, सरक तिकडं," म्हणत ते बसमध्ये माझ्या शेजारी बसायचे. मला भयंकर राग यायचा. पण सासरच्या गावात मी नुसती अमक्याची सून होते. माझं म्हणून एक नाव ठेवणारा हा एकच माणूस निघाला.

रांजणगावातल्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सचे मॅनेजर होते. वडिलांनी मेंढरं राखली, आप्पा इंजिनिअर झाले. कंपनी त्यांच्या दाराशी चारचाकी पाठवायला तयार होती, पण आप्पा निमोण्याहून आम्हा पॅकिंग आणि तपासणीच्या बायकांबरोबर कंपनीच्या बसनेच यायचे. लोक म्हणायचे, किती साधा माणूस! साधा कसला डोंबलाचा. पक्का चिक्कू. दुसऱ्याच्या पैशाचं डिझेल जळालं तरी यांच्या पोटात दुखायचं. शिवाय खरं कारण त्यांनीच एकदा सांगितलं होतं. "गाडीत मी आन् डायव्हर. त्याला एकट्याला रोज किती शिव्या देनार?"

त्या बसवर माझी नोकरी टांगलेली होती. नवरा चाकणला कामाला, घरात सासऱ्यांची सत्ता. आम्ही त्यांना आबा म्हणतो. "बस दारातनं नेती, दारात सोडती, म्हनून सून जाती. बस बंद, तर नोकरी बंद," असं आबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. त्यात आबांचं आणि आप्पांचं बोलणं बंद. का, तर एकदा आबा विहिरीवरची मोटर तशीच सोडून पारावर गप्पा हाणत बसले आणि पाणी वाफे भरून पार रस्त्यावर आलं. आप्पांनी चारचौघांत त्यांचा उद्धार केला आणि नाव ठेवलं 'चालू मोटर'. तेव्हापासून आप्पा दिसले की आबा तोंड फिरवायचे.

मग कंपनीला पर्यावरणाचं वेड लागलं. त्यासाठी एक हरित साहेब नेमले गेले. हे साहेब दौंडहून रोज पाच सीटच्या गाडीत एकटे यायचे आणि आमच्या बसवर धूळ उडवत पुढे जायचे. आप्पांनी पहिल्याच दिवशी बारसं केलं, 'रिकामी गाडी'. साहेबांनी आम्हाला एसी हॉलमध्ये बसवून पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. तरुण आणि शिकलेला कर्मचारी जागरूक असतो, वय वाढलं की सवयी बदलत नाहीत, महिलांना इच्छा असते पण माहिती कमी पडते, असं सगळं. सांगताना त्यांच्यापुढे पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांची ओळ मांडलेली. लोकासांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आम्ही बायका स्टीलचे डबे मांडीवर घेऊन ऐकत होतो. रोज तोच डबा घासून पुन्हा भरणं ही जागरूकता असते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आम्ही आपलं त्याला डबा म्हणायचो.

मागच्या रांगेतून आप्पांचा आवाज आला. "सायेब, तुमचा शिकलेला तरुन पोरगा रूमवरनं गेटापर्यंत यायला फटफटी काढतो. ह्या बाया बसनं येत्यात, तर म्हनं ह्यांना माहिती न्हाई. माहिती असती तर काय इमानात बसून आल्या असत्या?"

सगळा हॉल हसला. साहेबांनी घाईघाईने पुढचं चित्र लावलं.

परत येताना आम्ही बायका फुशारून गेलो होतो. आप्पांनी तेही चालू दिलं नाही. "लई हुरळू नगा. तुमी बी काय साध्वी न्हाई. उद्या दारात गाडी आली तर बसकडं ढुंकून बघनार न्हाई एक बी." माझ्या मनात तर स्कूटीचा रंगसुद्धा ठरलेला होता.

हरित साहेबांनी मग आपलं थोर कार्य केलं. बससाठी ॲप आणलं. आदल्या संध्याकाळी फोनवरून सीट राखायची. ज्या बसच्या सीटा राखल्या जाणार नाहीत, ती बस महिनाअखेर बंद. आता आमच्यातल्या बहुतेकींकडे बटनांचे छोटे फोन. घरातला मोठा फोन नवऱ्याकडे, सासऱ्याकडे, नाहीतर कॉलेजातल्या मुलाकडे. त्यामुळे निमोण्याची बस दारापर्यंत भरून यायची आणि ॲपमध्ये रिकामी धावायची. आप्पांनी साहेबांना गेटवर उभं करून भरलेली बस दाखवली. साहेब म्हणाले, "सर, दिसतंय मला. पण सिस्टीममध्ये येत नाही ना!" अशा माणसाला काय म्हणावं? शिकून माणूस शहाणा होतो म्हणतात, हा शिकून आंधळा झाला होता. आप्पा वरपर्यंत जाऊन भांडले. वरचे म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

घरी मी आबांना भीत भीत सांगितलं, रोज सांजच्याला तुमच्या फोनवर एक बटन दाबायचं आहे. आबा उसळले. "कंपनी तुझी, बस तुझी, आन् बटन मी दाबू? पगार मला देत्यात व्हय? बंद पडली तर पडू दे. घरात काय कामं कमी हायती?" भाकरी थापता थापता मला रडू आलं. महिनाअखेर म्हणजे माझी नोकरी संपल्यातच जमा होती.

रविवारी संध्याकाळी आमच्या ओट्यासमोर आप्पा येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हाणामारीच होणार. त्या दिवशी ते बसमधल्या एकेका बाईच्या घरी जाऊन आले होते, हे मला मागाहून कळलं. ज्या माणसाने जन्मात कुणाची मनधरणी केली नाही, तो दारोदार चहा पीत हिंडला. पॅकिंगच्या शमीमचा नवरा ट्रकवर असतो; त्याला तिच्या दिरामार्फत फोन लावून कबूल करून घेतलं, आणि तो गुजरातेत बसून बायकोची निमोण्यातली सीट राखू लागला. सगळ्यात शेवटी ते आमच्याकडे आले. आबांनी 'बसा' म्हटलं नाही. आप्पा उभेच राहिले.

"आबा," ते म्हणाले. चालू मोटर नाही, आबा! मी दाराआडून कान टवकारले. "माझं चुकलं असं काय मी म्हननार न्हाई. पानी तुमी वाया घालवलंच व्हतं. पन पोरीची नोकरी नगा वाया घालवू. लई मन लावून काम करती ती."

आबांनी तंबाखूची डबी बंद केली. मग कोपरीच्या खिशातून फोन काढून म्हणाले, "कुठलं बटन त्ये दाखवा."

बस वाचली. आणि कंपनीच्या समारंभात बक्षिसाची ढाल कुणाला मिळाली? हरित साहेबांना! निमोणे मार्गावरील महिलांमध्ये प्रशिक्षणाने घडवलेल्या जागृतीबद्दल. बटन दाबणारे सगळे बाप्ये, त्यातले निम्मे म्हातारे, कंपनीचं नाव धड घेता येत नाही; आणि जागृती झाली म्हणे महिलांमध्ये. आयत्या बिळावर नागोबा! मी तावातावाने उठणार होते, तर आप्पांनी माझी बाही ओढली. "गप ऱ्हा, अर्ध्या भाता. त्याला ढाल न्हिऊ दे, आपल्याला बस ऱ्हाऊ दे. ढालीत बसून कामाला जाता येत न्हाई."

आप्पा निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीने फुलांनी मढवलेली गाडी उभी केली होती. ते डोक्यावर फेटा तसाच ठेवून बसमध्ये चढले आणि माझ्या शेजारी बसले. गाडी बिचारी रिकामीच मागून निमोण्यापर्यंत आली, आणि त्यावरूनही त्यांनी वाटभर शिव्या घातल्या. उतरताना मला म्हणाले, "उद्यापास्नं ही सीट रिकामी दिसली तर बघ." मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. त्यांनी बोलूच दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. आबा मातीला आले होते, पण लांब उभे राहिले आणि कुणाशी न बोलता परत फिरले. मला वाटलं, अजून राग गेला नाही म्हाताऱ्याचा.

परवा मला ताप भरला. संध्याकाळी पडून होते, तर आबा फोन घेऊन दारात आले.

"उद्या न्हाई जायचं ना तुला? मग सीट सोडून देतो. दुसरी कुनी बसंल." बोट नीट पुसून त्यांनी बटन दाबलं, दोनदा डोळ्यांजवळ नेऊन खात्री केली. "उगं वाया गेली तर त्यो वरनं शिव्या घालंल मला."

एवढं बोलून ते घाईघाईने चपला घालून विहिरीकडे निघाले. मोटर चालू राहिली होती.