गाळलेलं कडवं

त्याला ‘खर्ज’ हे नाव बँडमधल्या ड्रमवाल्यानं ठेवलं होतं. आवाजच तसा, विहिरीच्या तळाशी बसून कुणीतरी बोलतंय असा. दिवसा तो लोकांचे नळ दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी चौघा मित्रांबरोबर गायचा. चाली जुन्या लोकगीतांच्या, शब्द त्याचे, जोडीला इलेक्ट्रिक गिटार. नऊ वर्षं असं चाललं. मग रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, “आम्हाला एकटे तुम्ही हवे आहात.” मित्रांना सांगायला खर्जाची जीभ रेटेना, पण सही करताना हात काही अडखळला नाही.

सही झाली त्याच सकाळी जिन्याखालच्या फोनवरून त्यानं ताईला गाठलं. आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं होतं. लाँड्रीत उभ्यानं इस्त्री करून करून तिचे पाय सुजायचे, आणि तरी पहिली गिटार तिनंच घेऊन दिली होती.

“एकट्याचं नाव छापणार? मोठ्या अक्षरात?” तिनं दोनदा विचारलं. मग तोही बोलत सुटला. मध्येच ती म्हणाली, “अरे थांब, छोटी टबात बसलीय.”

“एवढं एक ऐक गं, मग जा.”

तिनं ऐकलं. फोन ठेवून ती गेली तेव्हा तिची दीड वर्षाची छोटी पाण्याखाली होती.

शेजारीपाजारी आणि लाँड्रीत ‘छोटी तापानं गेली’ असं सांगितलं गेलं. भाऊजींपासून पाणी लपवता येण्यासारखं नव्हतंच. पण त्यांना ताई म्हणाली, “कपडे काढायला गच्चीवर गेले होते.” फोनबद्दल चकार शब्द नाही. भावाच्या माथी खापर फुटू नये म्हणून तिनं सगळं स्वतःवर घेतलं, आणि खर्ज गप्प राहिला.

पहिल्या रेकॉर्डला दहा गाणी हवी होती, त्याच्याकडे नऊ होती. दहावं त्याला एका दुपारी सुचलं, कुणाच्या तरी सिंकखाली आडवा पडून पाना फिरवताना. गच्चीवर कपडे काढणारी आई, आणि खाली टबात शांत झालेलं पाणी. स्टुडिओत ते एका दमात ध्वनिमुद्रित झालं. रेकॉर्डिस्टनं कानावरचे हेडफोन काढले आणि तो नुसता बसून राहिला. खर्जाला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. त्याला आनंद झाला.

लोकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं. रेडिओवरच्या मुलाखतीत विचारलं तेव्हा तो बोलून गेला, “घरातलीच गोष्ट आहे. माझ्या बहिणीची.” लाँड्रीत रेडिओ दिवसभर चालू असायचा. ताईच्या शेजारच्या टेबलावरची बाई इस्त्री उभी करून म्हणाली, “तू तर ताप म्हणाली होतीस.”

तो भेटायला गेला तेव्हा ताईनं त्याला दारातच उभं केलं.

“छान गायलायस,” ती म्हणाली. “गच्ची आहे, कपडे आहेत, टब आहे. फोन कुठाय?”

त्यानं आत पाऊल टाकलं, तसा तिनं दारावर हात आडवा धरला.

“मी तुझ्यावर पांघरूण घातलं होतं. तू माझ्यावरचं ओढून नेलंस.”

गाणं मागे घ्या म्हणून तो कंपनीत गेला. मॅनेजर हसला. “ते आता तुमचं राहिलंय कुठे?” कार्यक्रमांत लोक तेच मागत आणि खर्ज गात राही. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी त्यानं त्याच गाण्याला एक नवं कडवं जोडलं. त्यात फोन होता आणि ‘एवढं एक ऐक’ होतं. कंपनीनं ते कापलं. “लोक आईसाठी रडतात. मामा कुणाला हवाय?” रेकॉर्डिस्टनं मात्र कापण्याआधीची कॅसेट गुपचूप त्याच्या हातात ठेवली.

ती घेऊन तो रविवारी ताईकडे गेला. ती बाहेर गेली होती, घरी भाऊजी एकटेच होते. त्यानं त्यांनाच कॅसेट ऐकवली. संपल्यावर भाऊजींनी स्वतः बटण दाबून यंत्र बंद केलं.

“म्हणजे ती गच्चीवर नव्हतीच?”

“नाही.”

“तीन वर्षं मी तिला विचारतोय, ते कपडे एवढे महत्त्वाचे होते का म्हणून. तीन वर्षं.”

तेवढ्यात ताई आली. नवऱ्याचा चेहरा, टेबलावरची कॅसेट, खाली मान घालून बसलेला भाऊ. काय झालं ते तिला सांगायची गरज पडली नाही.

“हेही सांगून मोकळा झालास?” ती म्हणाली. “याही वेळी मला न विचारता?”

दुसरी रेकॉर्ड चालली नाही. तिसरीत त्यानं फक्त जुनी, कुणाचीच नसलेली लोकगीतं गायली, आणि मग हातात पुन्हा पाना आला. भाऊजींनी कपड्यांचा विषय परत काढला नाही. ताईनंही त्याच्याशी बोलणं टाकलं नाही. तो भेटायला गेला की ती चहा द्यायची, पाणी नीट येतं का ते सांगायची, त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची. पण स्वतःचं असं काही तिनं त्याला पुन्हा कधी सांगितलं नाही. तिच्या पोटातली गाठ काढली, हेसुद्धा त्याला टाके सुटल्यावर भाऊजींकडून कळलं.