शून्य नंबरचं परतीचं तिकीट

आमच्या हॉल्टवर स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. पत्र्याची एक खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीच्या आत मी. मी रेल्वेची नोकरदार नव्हे. मोठ्या स्टेशनवरून तिकिटं आगाऊ उचलायची, इथं विकायची आणि मिळेल ते कमिशन पदरात पाडून घ्यायचं, असा हा ठेका. तो सासऱ्यांचा होता. त्यांची नजर गेली तेव्हा घरात दहावी पास माणूस एकच होतं, ती मी. शिकल्याची शिक्षा अशी भोगतेय.

खोलीत भिंतीला लाकडी कपाट आहे. त्याला उभे अरुंद खण, एका गावाला एक. खणात पुठ्ठ्याची बोटभर तिकिटं नंबरवार रचलेली असतात. विकताना खालचं ओढायचं, तारखेच्या यंत्रात घालायचं, ठक् आवाज झाला की द्यायचं. माझ्या यंत्रातल्या दोनाच्या आकड्याची शेपटी तुटकी आहे. त्यामुळं कुठलंही तिकीट दाखवा, माझ्या हातचं आहे की नाही ते मी सांगते. आता निम्मे लोक मोबाईल दाखवतात, पण आमची म्हातारी मंडळी पुठ्ठाच मागतात.

जालना आणि परतूरचे खण भराभर रिकामे होतात. काही खण मात्र वर्षानुवर्षं तसेच. एका खणात कुत्र्याची तिकिटं होती. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात त्यातलं एक विकलं, तेही एका फौजदाराच्या कुत्र्याला, आणि तो किस्सा आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकला की कुत्र्याचा रंगही पाठ झाला. सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, परभणीची परतीची तिकिटं. एकाच पुठ्ठ्यावर दोन भाग, जायचा आणि यायचा. परभणीला जायचा भाग फाडून घेतात, यायचा आपल्याजवळ राहतो, तो इथं उतरल्यावर मला द्यायचा. अख्खा गठ्ठा आला होता आणि त्यातलं एकही खपत नव्हतं.

कारण काय, तर लोकांना ते अशुभ वाटायचं. घरातून निघताना आम्ही "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. पण येण्याचं तिकीट आधीच काढा म्हटलं की हात मागं. "येणं काय आपल्या हातात हाय का बाई?" असं एकजण म्हणाला, की मागचे सगळे माना डोलवणार. त्यातून गठ्ठ्यातलं पहिलं तिकीट शून्य नंबरचं. ते गेल्याशिवाय पुढचं विकता येत नाही, आणि शून्य घेऊन प्रवासाला कोण निघणार?

ते शून्य नंबरचं तिकीट माझ्या नवऱ्यानं घेतलं.

त्यांची पिठाची गिरणी होती. थंडीचे दिवस होते. गिरणीचा पट्टा तुटला, नवीन आणायला परभणीला निघाले. अंगात मी विणलेला मरून स्वेटर. त्याची डावी बाही माझ्या हातून आखूड झाली होती आणि त्यावरून ते मला रोज चिडवायचे. खिडकीशी येऊन म्हणाले, "तुमच्याकडं परतीचं तिकीट मिळतं म्हणतेत." मी म्हटलं, मिळतं, पण नंबर शून्य आहे. "मंग द्या की. शून्यापासूनच सगळं चालू होतंय," म्हणाले आणि हसले. मी ठक् करून तिकीट दिलं. ते तिथंच थांबले. "ऐक ना," म्हणाले. मागं चार माणसं होती, गाडीचा भोंगा ऐकू आला होता. मी मान वर न करता म्हटलं, "पुढं व्हा, थांबू नका."

हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते. सवय आहे. ते पुढं झाले.

संध्याकाळच्या गाडीनं ते आले नाहीत. परभणीच्या दुकानदारानं सांगितलं, पट्टा घेतला, खांद्यावर टाकला आणि स्टेशनकडं गेले. पोलिसांत तक्रार दिली, फोटो चिकटवले, दवाखाने पाहिले, दूरचे भाऊबंद हैदराबादपर्यंत जाऊन आले. माणूस नाही, चप्पल नाही, पट्टाही नाही. गिरणी बंद पडली. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. लोक सांत्वनाला येत आणि त्या तिकिटाची गोष्ट काढत. म्हणून त्या गठ्ठ्यातलं पुढचं तिकीट मी कधीच विकलं नाही. खणावर कागद चिकटवून टाकला.

बारा वर्षं गेली. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की आमच्यात पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. त्यानंतर तो माणूस गेला असं धरायचं. माझे दीर दोन वर्षं आधीपासूनच त्या विधीच्या मागं लागले होते. आता मुलीचं लग्न ठरलं होतं, अंबडकडची माणसं, आणि त्यांनी निरोप धाडला होता की वडिलांचं काय ते एकदा स्पष्ट करा. म्हणजे मी कपाळाला कुंकू लावून मांडवात उभं राहायचं की नाही, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. मला संताप आला. पण पोरीचं तोंड पाहून गिळला. येत्या सोमवारी अमावास्या होती. विधी तेव्हाच करायचा ठरला.

त्याआधीचा गुरुवार. संध्याकाळची गाडी आली तेव्हा ऊन उतरत होतं, पण उकाडा असा की पत्र्याला हात लावता येत नव्हता. हॉल्टवरून खाली उतरायला एकच पायवाट आहे. तिच्या तोंडाशी उभी राहून मी उतरणाऱ्यांची तिकिटं गोळा करते. तोंडं पाहत नाही, हात पाहते. गावातला माणूस मला हातावरून कळतो. पण त्या दिवशी फोन कानाला होता आणि पलीकडं दीर होते. किती पळसाची पानं आणायची, गुरुजींना काय द्यायचं, हेच चाललं होतं. खांद्यानं फोन दाबून धरला होता आणि हातात तिकिटं पडत होती.

गाडी गेली. खोलीत येऊन तिकिटं मांडली. मोबाईलवाले सोडून अकरा पुठ्ठे. दहा नेहमीचे. अकरावा अर्धा होता.

येण्याचा भाग. नंबर शून्य-शून्य-शून्य. मागं तारीख, तुटक्या शेपटीच्या दोनासकट.

मी तो उजेडाशी धरून चाचपला. बारा वर्षं कुणाच्या खिशात राहिलेला पुठ्ठा मऊ पडतो, कडा फुगतात. याचे कोपरे बोटाला टोचत होते. सकाळी खणातून काढावा तसा. आणि त्याच्यावर पांढरं काहीतरी होतं. बोट फिरवून पाहिलं. पीठ. ज्वारीचं पीठ. मी तळहात नाकाशी नेला आणि मला आमची गिरणी आठवली, चालू असलेली.

भीती वाटली हे कबूल करते. पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती. ते मेले असतील हे मी मनाशी केव्हाच धरलं होतं. जिवंत असतील तर? माझ्या हातात तिकीट देऊन, मला पाहून, घराकडं न येता निघून गेले असतील तर? मेलेला नवरा मी सोसला होता. हा मला सोसवणार नव्हता.

घरी कुणाला सांगितलं नाही. शुक्रवार ते रविवार मी माणसं मोजत फिरले. भाजीवाली, दोन गवंडी, कारखान्यावरून येणारा वॉचमन, लेकीकडून परतलेली म्हातारी. दहाच्या दहा सापडले. प्रत्येकाला विचारलं, तुमच्या मागं कोण होतं? "कोण न्हाई," म्हणाले. वॉचमन जरा हसलाच, "वहिनी, शेवटचा मीच उतरलो की. डबा बिलकुल रिकामा झाल्ता." म्हातारी मात्र माझ्याकडं बघत राहिली. "सांजच्याला जल्दी घरी जात जा बाई," एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं.

कुणीतरी कुठून ते तिकीट मिळवून माझी थट्टा केली असेल, असंही स्वतःला समजावून पाहिलं. पण मग त्याच्यावर ताजं पीठ कुठून आलं, हे कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

राहिल्या होत्या शाळेच्या बाई. परतूरहून रोज ये-जा करतात, मोबाईलवर तिकीट काढतात, त्यामुळं माझ्या अकरात नव्हत्या. गावच्या शाळेत येऊन त्यांना दोनच वर्षं झालीत, माझ्या नवऱ्याला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. गुरुवारी मुलांना जालन्याला स्पर्धेला नेऊन, त्यांना घरी सोडायला त्या संध्याकाळच्या गाडीनं इथं उतरल्या होत्या. शुक्रवारी-शनिवारी त्या रजेवर होत्या.

सोमवारी सकाळची गाडी. विधी असला तरी खिडकी बंद ठेवता येत नाही. बाई उतरल्या आणि मीच पुढं होऊन विचारलं, गुरुवारी इथं शेवटी कोण होतं, आठवतंय का?

"हो, तो स्वेटरवाला ना?" त्या लगेच म्हणाल्या. "मला तर त्याला बघूनच घाम फुटला. एवढ्या उकाड्यात मरून स्वेटर. पस्तिशीचा असेल. खांद्यावर कसलासा गुंडाळलेला पट्टा."

ते गेले तेव्हा छत्तीसचे होते. मी आता सत्तेचाळीसची आहे. मी विचारलं, बाही?

"काय?"

"बाही आखूड होती का एक?"

बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "मनगट उघडं होतं खरं. तुम्ही ओळखता त्याला? मला वाटलं नव्हतं. तो बराच वेळ तुमच्यासमोर उभा होता हो. तुम्ही फोनवर बोलत होता, कसली तरी पानं आणायची, सोमवारी करून टाका, असं काहीतरी. तो ते ऐकत होता. मध्येच त्यानं 'ऐक ना' म्हटलं."

"मग?"

"मग काय, तुम्ही तिकीट घेतलं आणि म्हणालात, पुढं व्हा, थांबू नका. तर गेला बिचारा."

कुठल्या बाजूला, ते बाईंनी पाहिलं नव्हतं.

त्या शाळेकडं गेल्या. मी रुळांच्या कडेला उभी राहिले. खाली नदीच्या काठावर दीर, गुरुजी आणि माझी मुलगी माझी वाट पाहत होती. पळसाच्या पानांचा माणूस तयार झाला होता. हिरवागार, दर्भानं बांधलेला, डोक्याच्या जागी नारळ. मी गेले आणि सांगतील तसं करत गेले. पाणी सोडलं, तीळ वाहिले. दिरांनी जळतं फडकं हातात घेतलं. तेव्हा गुरुजी म्हणाले, आमच्याकडची रीतच आहे तशी, की आता बायकोनं निरोप द्यायचा. फार काही नाही, एकच वाक्य.

"म्हणा, आता मागं बघू नका. थांबू नका, पुढं व्हा."

मी हातातले उरलेले तीळ खाली ठेवले.

"वहिनी, म्हणा की," दीर म्हणाले. "हात भाजून राह्यला."

"हे मी त्यांना दोनदा सांगितलंय," मी म्हटलं. "दोन्ही वेळा त्यांनी ऐकलं. तिसऱ्यांदा सांगणार नाही."

दिरांना वाटलं मला भ्रम झाला. गुरुजींनी मुहूर्त टळतोय म्हणून घाई केली. मी पळसाच्या माणसाशेजारी खाली बसले आणि दर्भाच्या गाठी सोडू लागले. पानं मोकळी झाली. मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या लग्नाचं काय होईल हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, ते मी वाचलं. तरी सोडत राहिले. शेवटी ती येऊन माझ्याजवळ बसली. दुसऱ्या बाजूच्या गाठी सोडू लागली.

त्या संध्याकाळी गाडी आली. मी फोन खोलीतच ठेवला. पायवाटेच्या तोंडाशी उभी राहिले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहिलं. सगळे ओळखीचे. गाडी गेली, माणसं खाली उतरून गेली, फलाटावर कुणी उरलं नाही. गोळा केलेली तिकिटं मोजली, बरोबर होती.

ते अर्धं तिकीट मी मोठ्या स्टेशनला पाठवलेलं नाही. त्याच्यावरचं पीठ अजून झडलेलं नाही.

मी रिकाम्या फलाटाकडं तोंड करून म्हटलं, "अहो, थांबा. सांगा, काय सांगायचं होतं."

आणि अंधार पडेपर्यंत थांबले.