प्लस उजवीकडे

मामाच्या गाडीने नेमका त्याच दिवशी दगा दिला. किल्ली फिरवली की नुसतं टक्‌टक्‌, पुढे काही नाही. मामीच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं आणि ते त्या दुपारी चारला काढायचं होतं. त्यानंतर डॉक्टर तीन आठवडे बाहेरगावी जाणार होते. तो ताठ पाय दुसऱ्या गाडीत मावण्यासारखा नव्हता. मामाने आपल्या गाडीची पुढची सीट काढून मागे बसणारीच्या पायाला जागा केली होती. म्हणजे चारच्या आत बॅटरी बदलली नाही, तर मामी आणखी तीन आठवडे पलंगावर.

मामा शिंपी. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेला माणूस, पण कापडाबाहेर पडला की त्याचं डोकं चालेनासं होतं. बॉनेट उघडून त्याने टेप काढली, बॅटरीची लांबी, रुंदी, उंची घेतली आणि वहीत टिपून ठेवली. 'प्लस उजवीकडे' असंही लिहिलं.

"जुनीच उचलून नेऊ की," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाला अंगातला शर्ट काढून आण म्हणतो का आपण? माप पुरतं."

भाचीने मामाला शहाणपण शिकवू नये, म्हणून मी गप्प बसले आणि स्कूटर काढली. पुढे मला त्या गप्प बसण्याचा फार राग आला.

बॅटरीवाल्याने प्रश्नांची सरबत्तीच लावली. किती अँपिअरची होती? पाणी घालायची की बिनपाण्याची? टोकं जाड की बारीक? मामा दर प्रश्नाला वही उघडायचा आणि मिटायचा. शेवटी म्हणाला, "जरा मोठीच द्या. वाढत्या अंगाची."

"गाडी वाढत नाही काका. मोठी दिली तर खाचेत बसायची नाही."

गाडीचं मॉडेल विचारून त्याने एक जाडजूड पुस्तक चाळलं आणि दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. माप तेच, ताकद तीच. मला तर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. "आता एवढंच सांगा, प्लस उजवीकडे की डावीकडे?"

अखेर वहीतला प्रश्न आला. "उजवीकडे," मामा ऐटीत म्हणाला.

घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. मामाने आधी मायनसची वायर सोडवली, मग प्लसची, जुनी बॅटरी काढली, नवी ठेवली. खाचेत अगदी बेतल्यासारखी बसली. पण लाल वायर प्लसपर्यंत पोचेना. वीतभर कमी. ओढून पाहिली. मग बॅटरीच फिरवून ठेवली, तर दोन्ही टोकं पलीकडे गेली आणि दोन्ही वायरी अपुऱ्या पडल्या. मामा वही वाचायचा, बॅटरीकडे बघायचा, पुन्हा वही वाचायचा. सगळं बरोबर होतं आणि काहीच जमत नव्हतं. तीन वाजले तसा तो पायरीवर बसला. "तिला काय सांगू मी आता?"

"काय सांगायचंय मला?" खिडकीतून मामी म्हणाली. तिचा पलंग खिडकीलाच लागून होता. "ती वही द्या इकडे."

तिने वही वाचली, मग मान उंच करून उघड्या बॉनेटकडे पाहिलं. "ही उजवी कुणाची लिहिलीत?"

"म्हणजे?"

"अहो, आपण उजवी बाही लिहितो ती घालणाऱ्याची. आपण समोर उभे असतो, ती आपल्या डाव्या हाताला येते. तुम्ही गाडीचंही तसंच लिहिलंत. बॅटरीवाल्याला काय माहीत? त्याने बघणाऱ्याची उजवी दिली."

मामाने जुनी बॅटरी उचलून स्कूटरवर माझ्या पायाशी ठेवली, नवी मांडीवर घेतली आणि मागे बसला. बॅटरीवाल्याने जुनी पाहिली आणि एका मिनिटात बदलून दिली.

ती बसवून, मामीला घेऊन आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि डॉक्टर बॅग घेऊन दारात उभे होते. मामा त्यांच्या आडवा गेला. "साहेब, उशीर माझ्यामुळे झाला. तिचा काही दोष नाही. तिला तीन आठवडे नका अडकवू." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मामीचा पाय पाहिला आणि बॅग खाली ठेवली.

प्लास्टर कापलं जात असताना मामा म्हणाला, "सकाळीच तुला विचारायला हवं होतं."

"दोन महिन्यांत काय विचारलंत मला?" मामी म्हणाली. "आधी तुम्ही माप बोलायचात आणि मी लिहायचे. पडल्यापासून एक शब्द नाही. मला वाटलं, माझ्यावाचून दुकान चालायला लागलं."

"कसलं चालतंय," मामा म्हणाला. "तुला त्रास नको म्हणून विचारत नव्हतो. मापं चुकीची लिहिली म्हणून आठ शर्ट उसवून पुन्हा शिवलेत."

पाय मोकळा झाला, पण मामीने अजून पायाकडे पाहिलं नव्हतं. ती मामाकडेच बघत होती. "मग आठ वेळा तरी हाक मारायचीत," ती म्हणाली आणि रडायला लागली.