खिडकी पूर्वेला आहे

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, पडदे शिवतात. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेतात, कापड सुचवतात, दांडे ठोकतात आणि पडदा नीट पडला की दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे इतक्या प्रेमानं बघतात, की ताईला अजून त्या पडद्यांचा हेवा वाटतो.

शिलाई त्यांची चांगली आहेच, पण तशी ती चौकातल्या नव्या चकाचक दुकानातही मिळते. लोक भाऊजींना बोलावतात ते त्यांच्या तोंडासाठी, म्हणजे ते बंद असतं म्हणून. विचार करा, पडदा लावायचा म्हणजे आधी बिनपडद्याच्या घरात शिरायचं. न आवरलेली अंथरुणं, उशाशी लपवलेली औषधं, कपाटामागच्या बाटल्या, दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसलेले नवरा-बायको. भाऊजींनी हे सगळं तीस वर्षं पाहिलं असणार. असणार म्हणते, कारण त्यांनी ताकास तूर लागू दिलेली नाही.

मी त्यांच्याकडे आले ती चार दिवसांसाठी. ते चार दिवस अजून संपायचे आहेत. बाहेरच्या खोलीत माझी खाट आणि ट्रंक असते आणि दिवसभर मी दुकानात बसून पडद्यांच्या खालच्या पट्ट्या दुमडते. माझ्या पोटात काही राहत नाही आणि भाऊजींच्या पोटातून काही बाहेर येत नाही.

"काय हो, डॉक्टरीणबाईंकडे सासू-सून बोलतात का एकमेकींशी?" मी विचारते.

"खिडकी पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट गादीवर येतं."

"अहो, मी सासूबद्दल विचारतेय."

"अस्तर लावावं लागेल."

आणखी एक खोड. दार उघडलं तरी हा माणूस उंबऱ्यावर थांबून विचारतो, "आत येऊ?" प्रत्येक खोलीच्या दाराशी पुन्हा तेच. आतून "आत्ता नको" आलं की मुकाट्यानं परत. का नको, हे कधी विचारायचं नाही. बोलवाल तेव्हा येतो म्हणायचं, चपला घालायच्या आणि निघायचं. मी एकदा म्हटलं, "अहो, त्यांनीच बोलावलंय ना तुम्हाला?" तर म्हणाले, "घरात बोलावलंय. खोलीत नाही."

तर अशा माणसाच्या हातात माझ्या भाचीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, एक ॲप दिलं. चौकातल्या दुकानात म्हणे पडदा शिवण्याआधीच तो तुमच्या खिडकीवर कसा दिसेल ते दाखवतात. "बाबा, मोबाइल खिडकीसमोर धरायचा. माप आपोआप येतं. गिऱ्हाइकाचा नंबर घातला की त्यांना लगेच चित्र जातं. आणि फुकट आहे!"

फुकट म्हटल्यावर ताईनंसुद्धा स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

ॲप उघडलं तर पहिल्यांदा आली पाटी. "आम्हाला तुमच्या खासगीपणाची मनापासून कदर आहे. तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून आम्ही आणि आमचे भागीदार कुकीज वापरतो." त्याखाली 'सर्व मान्य' असं हिरवंगार, बशीएवढं बटण. आणि खाली कोपऱ्यात करड्या रंगात, मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत, 'पर्याय पाहा'.

भाऊजींनी चष्मा पुसला आणि वाचायला बसले.

"बाबा, ते कोणी वाचत नाही."

"अगं, विचारतायत ना ते? विचारलंय तर वाचायला नको?"

"वाचून काय करणार? मान्य केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

"मग विचारतात कशाला?"

भाचीनं घड्याळ बघितलं. भाऊजी पडले भिडस्त. एवढ्या अदबीनं कोणी आपली कदर करतंय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यांनी बोट हातरुमालाला पुसलं आणि हिरवं बटण दाबलं. पहिल्या भेटीतच कदर आहे म्हणून सांगणाऱ्यापासून मी स्वतः चार हात लांब राहते. त्यामागे अनुभव आहे, पण तो इथे नको.

पहिला प्रयोग घरातल्याच बाहेरच्या खोलीत झाला. गिऱ्हाईक म्हणून नंबर घातला माझा. मग भाऊजी मोबाइल घेऊन मापाला जाऊ लागले. तिथेही विचारायचे, "फोटो काढू? फक्त खिडकीचा." लोक हो म्हणायचे. भाऊजींना कोण नाही म्हणणार?

आणि मग शाळेत पालकसभा झाली.

आमच्याकडच्या मुख्याध्यापिका म्हणजे दरारा. पाठीवर जाडजूड काळीभोर वेणी. ती नुसती हलली तरी वर्ग गप्प होतो. बाईंनी आपला मोबाइल मोठ्या पडद्याला जोडला आणि निकालाचे आकडे दाखवायला लागल्या. आकड्यांच्या डोक्यावर जाहिरात उगवली: 'विरळ केसांची लाज वाटते?' पालक हसले नाहीत, जाहिराती काय, कोणालाही येतात. बाईंनी ती घाईनं बंद केली. लगेच दुसरी आली: 'सध्याच्या केसांच्या टोपाचा कंटाळा आलाय? जुना द्या, नवा घ्या.' बाईंचा हात नकळत डोक्याकडे गेला. तो हात सगळ्या सभेनं पाहिला.

बाईंच्या निजायच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खुंटीवर काय टांगलेलं असतं, हे घराबाहेरच्या एकाच माणसानं पाहिलं होतं.

दुसरं प्रकरण बँकेतल्या साहेबांचं. त्यांच्याकडे एका मोठ्या खोलीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जाड पडदा हवा होता. भाऊजी काही बोलले नाहीत, पण पट्टी मीच दुमडली ना! दोन्ही बाजूंनी सुलटा दिसणारा पडदा माणूस खिडकीला लावत नाही. असो, घरोघरी मातीच्या चुली. तर साहेबांना एकट्यापुरत्या पलंगांच्या जाहिराती यायला लागल्या आणि साहेबांच्या बायकोला वकिलांच्या. नवऱ्याला वाटलं ही वकील गाठतेय, बायकोला वाटलं हा घर सोडून चाललाय. कडाक्याचं भांडण झालं आणि भांडता भांडता दोघांचं बऱ्याच महिन्यांनी एका गोष्टीवर एकमत झालं. पडदेवाला फुटला.

बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. कुंपणच शेत खायला लागलं, असं लोक बोलू लागले. गंमत अशी, की हे बोलणं मोबाइलवरूनच चाललं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकानं कुठे ना कुठे तेच हिरवं बटण वाचल्याशिवाय दाबलेलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, म्हणून तर लोक पडदे लावतात.

नवं काम येईना. शिवून ठेवलेले पडदे न्यायला कोणी फिरकेना. भाऊजी त्याच त्या पडद्यांच्या घड्या मोडायचे, पुन्हा इस्त्री करायचे, पुन्हा घड्या घालायचे. तीस वर्षांत या माणसानं एकच गोष्ट साठवली होती, आपला शब्द. तीच गेली. मला त्यांच्याकडे बघून रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडते. म्हणून त्या दिवसांत मी दूधवाल्याशी, वीजवाल्याशी आणि ताईशी, अशी सगळ्यांशी भांडून घेतलं.

ताईशी भांडायला कारणही मिळालं. माझ्या मोबाइलवर एक जाहिरात आली: 'एकट्या बाईसाठी स्वस्तात खोली. नातेवाइकांकडे किती दिवस राहणार?' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईनंच कोणाजवळ तरी कुरकुर केली असणार! मी जेवताना तिच्याशी अक्षर बोलले नाही. ताक वाढताना मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. खाट, ट्रंक, खिडकी, पहिला प्रयोग, माझा नंबर!

भाचीला तातडीनं दुकानात बोलावलं. तिनं ॲपमधलं ते मुंगीचं 'पर्याय पाहा' उघडलं. भागीदारांची यादी सुरू झाली ती संपेचना. गादीवाले, औषधवाले, विमावाले, वकील, घरं भाड्यानं देणारे. एवढे वाटेकरी वडिलोपार्जित जमिनीलासुद्धा निघत नाहीत.

"कुकी म्हणजे नक्की काय गं?" भाऊजींनी विचारलं.

"एक बारीकशी खूण असते, बाबा. ती तुमच्या मोबाइलमध्ये ठेवून देतात. मग तुम्ही कुठे गेलात, काय पाहिलंत, ते त्यांना कळत राहतं. आणि या ॲपनं तर फोटोच उचलले. फोटोत काय काय आहे ते ओळखतात आणि ज्याला जे विकायचंय त्याला ते कळवतात. खिडकी कोणाची, ते नंबरावरून कळतंच." भाचीचा आवाज बारीक झाला होता. "पैसे भरले तर बंद होतं म्हणे. दरमहा वर्गणी दिली की ते कोणाला काही सांगत नाहीत."

भाऊजींनी चष्मा काढला. "म्हणजे गप्प राहायचे पैसे घेतात?"

"हो."

"मी तीस वर्षं फुकट गप्प राहिलो," ते म्हणाले.

भाचीनं कंपनीला खरमरीत तक्रार लिहिली. उत्तर क्षणात आलं: 'आम्हाला तुमच्या खासगीपणाची मनापासून कदर आहे.'

नेमक्या त्याच दुपारी साहेबांच्या बायको तो जाड पडदा परत द्यायला आल्या. आणि त्या पिशवीतून तो काढत असतानाच मुख्याध्यापिका दुकानात शिरल्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला.

"मला फक्त एवढंच विचारायचंय," बाई म्हणाल्या, "मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

भाची पुढे झाली. "बाई, बाबांनी काही सांगितलेलं नाही. हे सगळं या ॲपचं काम आहे. थांबा, पुरावाच दाखवते. तुम्हीपण बघा हो काकू." तिनं टेबलावरचा मोबाइल उचलला आणि फोटो उघडले. पडद्यावर एका ओळीत सगळ्यांच्या खिडक्या आल्या. एक बोट सरकवायचं बाकी होतं. भाऊजींची अब्रू तेवढ्यात परत येणार होती. मी तर मनात म्हटलं, दाखव गं बाई, दाखव एकदाचं.

भाऊजींनी तो मोबाइल भाचीच्या हातातून काढून घेतला आणि शेजारच्या बादलीत सोडला. अस्तराचं कापड शिवण्याआधी आटून घ्यावं म्हणून त्या बादलीत भिजत घातलेलं असतं. मोबाइल त्या कापडाच्या घड्यांत शिरला आणि दिसेनासा झाला.

"बाबा!" भाची ओरडली. "अहो, फोटो त्यात नाहीयेत, ते तिकडे कंपनीकडे गेलेत! काही उपयोग नाही याचा!"

"या दोघींनी तरी नाही बघितले," भाऊजी म्हणाले. मग बाईंकडे वळले आणि हात जोडले. "बाई, सांगितलं ते मीच. कोणाला सांगितलं ते मला माहीत नाही, पण तुमच्या घरातून ते बाहेर नेलं मी. बटण माझ्याच बोटानं दाबलं. तुम्ही मला आत घेतलं होतं, त्यांना नाही. माझी चूक झाली."

आख्ख्या जगात त्या एका बटणाबद्दल माफी मागणारा हा पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस असावा. ज्यांनी बटण बनवलं ते मजेत आहेत. बाई निघून गेल्या. साहेबांच्या बायकोनं पडदा पुन्हा पिशवीत घातला आणि त्याही गेल्या. भाची रडली, मी तिच्यावर ओरडले आणि मग दोघींनी मिळून मोबाइल पिळून वाळत घातला. तो काही पुन्हा बोलला नाही.

त्यानंतर भाऊजी ज्या ज्या घरी फोटो काढले होते तिथे तिथे गेले. उंबऱ्यावर उभं राहून झालं ते सांगितलं. कोणी म्हणालं जाऊ द्या हो, कोणी तोंडावर दार लावलं. मुख्याध्यापिकांनी दार न उघडता आतूनच "आत्ता नको" म्हटलं.

"आत्ता नको म्हणजे कधी?" मी घरी आल्यावर विचारलं. "उद्या परत जा. परवा जा. मी येते बरोबर. बोलते मी बाईंशी."

"बोलवतील तेव्हा जाईन," भाऊजी म्हणाले.

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर नाही जाणार."

मी चिडले, त्यांनी घड्या घातल्या. असे बरेच दिवस गेले. साहेबांच्या घरून पडद्याची शिलाई आली, निरोप मात्र काही नाही. एकेक जुनं गिऱ्हाईक चाचरत पुन्हा यायला लागलं. चौकातल्या दुकानात दारातच फोटो काढतात, असं कोणीतरी म्हणालं. पण भाऊजींची मान काही वर होईना. फोन वाजला की ते हातातलं काम थांबवायचे, आणि फोन दुसऱ्याच कोणाचा निघाला की पुन्हा सुरू करायचे.

एकदा दुकानातला जुना फोन वाजला तो मी घेतला. "पडदेवाले आहेत का?" तो आवाज ऐकून मी बसल्या जागी उठून उभी राहिले. शाळेत असताना बाई आल्या की उभं राहायची सवय, दुसरं काय.

भाऊजींनी टेप गळ्यात टाकली आणि गेले. मी तोवर एक पट्टी तीनदा दुमडली आणि तीनदा उसवली. आत घेतलं असेल का? काय बोलल्या असतील? डोक्यावर काय असेल, रुमाल, वेणी की काहीच नाही? आता एवढं रामायण झाल्यावर मेव्हणीला तेवढं कळायला काय हरकत होती!

ते परत आले. टेप काढून खिळ्याला अडकवली, पाणी प्यायले, चष्मा पुसला.

"काय हो?" मी म्हटलं. "घेतलं का आत?"

भाऊजींनी कापडाचा तागा उलगडला, त्यावर हात फिरवला आणि बऱ्याच दिवसांनी मला त्यांची मान सरळ दिसली.

"खिडकी पश्चिमेला आहे," ते म्हणाले. "संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येतं."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. विचारायचं अजून पुष्कळ होतं, जिभेवर आलंही होतं. मी सुईत दोरा ओवला आणि म्हटलं, "मग अस्तर जाड लावू या."