पुंगळीअण्णा

बंद पडलेलं पिस्तूल कुणी टेबलावर आणून ठेवलं, तर अण्णा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. समोरच्यापुढे तळहात पसरायचे आणि म्हणायचे, "पिस्तूल ऱ्हाऊ द्या. आदी पुंगळी दावा." पुंगळी म्हणजे गोळी निघून गेल्यावर मागे उरणारं काडतुसाचं रिकामं टरफल. ते कोण जपून ठेवतो? आणणारा चाचरायला लागला की अण्णा चष्मा काढून खाली ठेवत. आता बोलणी खायची, असा त्याचा अर्थ. "आजारी मानूस आनलासा, पर आजार घरीच इसरून आलासा की!"

अण्णा आमच्या शस्त्रागारातले हवालदार, हुद्द्यानं आर्मोरर, म्हणजे शस्त्रं तपासून दुरुस्त करणारे. जिल्ह्यातल्या ठाण्यांची सगळी शस्त्रं त्यांच्या हाताखालून जायची. माघारी सगळे त्यांना पुंगळीअण्णा म्हणत आणि तोंडावर नुसतं अण्णा. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, ते नाव त्यांना आवडतही असावं.

मी कोल्हापुरात आलो तो नवा कोरा फौजदार म्हणून, एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास. घर खानदेशात, ओळखीचं कुणी नाही, राहायला गंगावेशीकडे एक खोली. कोल्हापूर हे मोठ्यानं बोलणाऱ्यांचं गाव. चहाच्या टपरीवर दोन माणसं ख्यालीखुशाली विचारत असली तरी मला वाटायचं मारामारी होणार, आणि मी उगाच टोपी सावरायचो. एवढ्या आवाजात माझ्याशी बोलायला मात्र कुणी नव्हतं. दुपारी काम नसलं की मी शस्त्रागारात जाऊन बसू लागलो. चारचौघांत अण्णा मला कडक सलाम ठोकून 'साहेब' म्हणत. माणसं पांगली की लगेच, "बसा की पावणं, उभं काय ऱ्हायलाय?" त्या 'पावणं'साठी मी जात होतो.

बंदुकांना ते पोरी म्हणत. ही चंदगडला दिलीय, ही शाहूवाडीला, ही गारगोटीला. वर्षाच्या तपासणीला शस्त्रं परत आली की त्या माहेरपणाला आल्या. एखादीच्या नळीत गंज दिसला की त्या ठाण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. "नांदवायला येत न्हाई तर मागता कशाला रं?" मग तेलाचा बोळा घेऊन तासन्तास तिच्याशी पुटपुटत बसत. खुद्द अण्णांना मूलबाळ नव्हतं. बायको मी यायच्या आधीच वारली होती. मूळ घर कुरुंदवाडला होतं आणि ते कुलपात होतं. पोलीस लाइनीतल्या खोलीत स्वतः भाकरी थापून, खर्ड्याबरोबर फडक्यात बांधून ते आणत आणि खिडकीकडे तोंड करून जेवत. कुणी बरोबर बसतो म्हटलं तरी जागा करून देत नसत.

पिस्तुलाचं दुखणं ओळखायची त्यांची रीत त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवली. गोळी उडाली की पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो. त्याला एक छोटा आकडा असतो. तो पुंगळीच्या बुडाच्या काठाला धरतो, तिला नळीतून ओढतो, आणि ती बाजूच्या खिडकीतून बाहेर उडते. मग दुसरी गोळी आत जाते. पुंगळी आतच राहिली की सगळं ठप्प. "आता बगा," अण्णा एक पुंगळी माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "हिचा काठ फाटलाय. म्हंजे आकड्यानं धरली, वडली, पर ही सुटंना. नळीत घाण हाय. वापरनाऱ्याचं पाप. आनि काठ कोरा असंल, तर आकड्यानं धरलीच न्हाई. त्ये आमचं पाप. आकडा सोडवायचा अधिकार आमाला, तुमी हात लावायचा न्हाई." मग नेहमीचं पालुपद आलं, "म्हनून पुंगळी टाकायची न्हाई, पावणं. कायबी झालं तरी न्हाई."

वर्षातून एकदाच अण्णा देखणे दिसत, खंडेनवमीला. त्या दिवशी शस्त्रागार धुऊन निघे. बंदुका ओळीनं उभ्या, पिस्तुलं पांढऱ्या चादरीवर, झेंडूच्या माळा. अण्णा कडक इस्त्रीच्या गणवेशात, पण अनवाणी. खिशातून एक पितळी करंडा काढायचे, कुंकू पाण्यात कालवायचे आणि एकेका शस्त्राला त्याचं बोट लावत जायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पिस्तुलाला ते, पुंगळी उडते त्या खिडकीशेजारच्या सपाट जागी लावत. तिथं ते उठून दिसे. करंडा बायकोचा होता. तिनं नृसिंहवाडीहून आणलेलं कुंकू त्यात अर्ध्याहून जास्त उरलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "घरात आता लावायला कपाळ न्हाई. ह्या पोरींस्नी तरी लावतो." दुसऱ्या दिवशी तेलाच्या फडक्यानं ते सगळी बोटं पुसून काढत. पुसताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

माझ्या दुसऱ्या खंडेनवमीनंतरच्या हिवाळ्यात ते प्रकरण घडलं. मलकापूरच्या पुढे, रत्नागिरीच्या रस्त्याला, चोऱ्यांमध्ये हवा असलेला एक इसम रानातल्या खोपटात लपल्याची खबर होती. मी आणि एक शिपाई दुपारी तिथं पोहोचलो. खोपटातून तो कोयता घेऊनच बाहेर आला. मी एक गोळी हवेत झाडली. तो थांबला नाही. दुसरी त्याच्या पायावर झाडायला घोडा दाबला आणि पिस्तूल मुकं झालं. तेवढ्यात कोयता शिपायाच्या उजव्या हातावर बसला आणि तो इसम झाडीत नाहीसा झाला. पुढे तो दुसऱ्याच पथकाच्या हाती लागला, पण आमच्या शिपायाचा हात पूर्वीसारखा काही झाला नाही.

शिपायाला मलकापूरच्या दवाखान्यात पोहोचवलं आणि पायरीवर बसून मी पिस्तूल उघडलं. पुंगळी नळीतच होती. समोरून एक सरळ काडी घातली, तर ती अलगद तळहातावर पडली. कपड्यांवर त्याचं रक्त होतं, आणि तरीही ती पुंगळी मी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. अण्णांचा धाक होता, दुसरं काय?

कोल्हापुरात पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती की नव्या फौजदारानं पिस्तूल साफ ठेवलं नाही आणि त्यापायी शिपायाचा हात गेला. मी अजून परिवीक्षेवर होतो, नोकरी पक्की झालेली नव्हती. चौकशी लागली. ठपका आला असता तर नोकरी जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या हाताच्या पापाचा धनी मी ठरणार. त्या आठवड्यात माझ्या टेबलाशी चहाला कुणी थांबेना. नळी मी रोज पुसत होतो हे मी किती वेळा सांगितलं असेल! पण ते पाहणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तपासणीसाठी पिस्तूल अण्णांकडे आलं आणि मलाही समोर बसवलं. अण्णांनी सवयीनं हात पसरला. मी पुंगळी ठेवली. त्यांनी ती भिंगाखाली धरून फिरवली, परत फिरवली.

"काढताना जोर लावाय लागला?"

"नाही. काडीनं टोचली आणि आली."

"काठ कोरा हाय," ते म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. अण्णांचं तोंड मात्र उतरलं होतं, आणि का ते मला तेव्हा कळेना.

त्यांनी पिन ठोकून आकडा सोडवला. त्याच्या खाचेत काळपट काहीतरी घट्ट बसलं होतं. तेवढ्यामुळे आकडा पुरता मिटत नव्हता आणि काठावरून निसटत होता. अण्णांनी सुईनं ते खरवडून पांढऱ्या फडक्यावर घेतलं. फडक्यावर आल्यावर त्याचा लाल रंग दिसला. मी म्हणालो, "गंज आहे का?"

अण्णांनी ते दोन बोटांत चुरलं, नाकाशी नेलं. गंज म्हणाले असते तर कुणी काही विचारलं नसतं. गंज माझ्या खात्यात गेला असता. शस्त्रागारात आम्ही दोघंच होतो आणि त्या चिमूटभर भुकटीला फुंकर पुरली असती.

"कुक्कू हाय," ते म्हणाले. "माज्या हातचं."

दरवर्षीचं बोट तेलाबरोबर झिरपत त्या खाचेत उतरलं होतं आणि आत थरावर थर धरून बसलं होतं. अण्णांनी फडक्याची चारी टोकं गोळा करून गाठ मारली आणि गाठोडं चौकशीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. चौकशी करणारे साहेब भले होते. त्यांनी वाट काढून द्यायचा प्रयत्न केला, की पूजेला तिथं दहा माणसं असतात, कुणीही लावलं असेल. "न्हाई साहेब," अण्णा म्हणाले, "मीच लावतो. दुसऱ्याला लावू देत न्हाई." मग आकडा वर्षातून एकदा सोडवून बघायचा असतो तो का बघितला नाही, असं साहेबांनी विचारलं. त्यावर अण्णांनी जे उत्तर दिलं ते मी पुढे नोकरीभर विसरलो नाही. "सनाला पुजला साहेब. पुजला, म्हंजे बगितला असंच वाटलं."

माझी नोकरी राहिली. अण्णांना निवृत्तीला वर्षभर होतं म्हणून बडतर्फ केलं नाही, पण शस्त्रागाराच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि फाटकावर तासाचे ठोके द्यायच्या कामाला लावलं. त्या फाटकातूनच तपासणीची शस्त्रं गाडीतून आत यायची. गाडी आली की अण्णा फाटक उघडून बाजूला उभे राहत आणि गाडी वळेपर्यंत मागच्या पेट्यांकडे बघत. त्या दिवसांत मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो, तर ते मला चारचौघांत म्हणायचे तसं 'साहेब' म्हणत. आसपास कुणी नसलं तरी साहेबच. मला ते फार लागलं.

एकदा ते त्या शिपायाच्या घरी गेले आणि त्याला म्हणाले, "तुजा हात माज्या कुक्कवानं गेला." त्यानं त्यांना आत घेतलं. मग म्हणाला, "च्या तुमीच करा अण्णा, मला भांडं धरवत न्हाई." अण्णांनी चहा केला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर रविवारी जाऊन ते त्याच्याकडे चहा करत असत. हे मला शिपायानंच सांगितलं. अण्णांनी कधी ब्र काढला नाही.

निवृत्त होऊन ते कुरुंदवाडला गेले आणि माझी बदली झाली. लग्न झाल्यावर मी बायकोला घेऊन नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला आलो, तेव्हा तिथून नदीपलीकडे अण्णांकडे गेलो. तीच आमची शेवटची भेट. एका खोलीचं घर, एक खाट, एक चूल. टेबल नव्हतं, पण खिडकीखाली टेबलासारखी एक फळी मांडून ठेवली होती आणि तिच्यावर काही नव्हतं. मला बघून ते उठले. "या पावणं," म्हणाले. मला भरून आलं.

बोलण्यासारखं फार नव्हतं. कुणाची बदली कुठं झाली, शिपायाचा हात कसा आहे, एवढंच. नव्या आर्मोररबद्दल त्यांनी विचारलं नाही. पोरींबद्दलही नाही. चहा त्यांनीच केला आणि पिताना खिडकीकडे तोंड केलं.

निघताना बायको पाया पडली आणि अण्णा गडबडले. सवाष्ण दारात आली की तिला कुंकू लावल्याशिवाय पाठवायचं नाही, आणि लावणारं घरात कुणी नव्हतं. त्यांनी कोनाड्यात हात घातला आणि तो पितळी करंडा काढला. "पोरी, तूच लावून घे." आतलं कुंकू बसून घट्ट झालं होतं. तिनं नखानं थोडं मोकळं केलं, बोट ओलं केलं आणि लावलं. अण्णा तिच्या कपाळाकडे बघत राहिले. तिनं करंडा परत दिला, तर त्यांनी हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. माज्याजवळ ऱ्हायलं की मी कुटंतरी लावत बसतो."

हसायला कुणालाच आलं नाही. ते दारापर्यंत आले आणि दारातच थांबले.

एस.टी.त बायकोनं करंडा दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मी म्हणालो, पिशवीत ठेव, सांडेल. अण्णांचं ते कपाळाचं बोलणं मी तिला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं, हे मी विसरून गेलो होतो.

"आपण घ्यायला नको होता," ती म्हणाली. "लावायला कपाळ नव्हतंच. आता त्या घरात कुंकूही नाही."